खाडाखोड

रात्री पावणेदोनला फोन आला: परकारबाई, एक माणूस आणलाय,
हिंदी बोलतोय म्हणतात, पण ती हिंदी नव्हे. या.
फरवानियाचा रस्ता ऑगस्टात रात्रीही निवत नाही.
चष्म्यावर वाफ धरली,
दार ढकलून आत जाईपर्यंत मी आंधळी.

आत एसी एवढा, की तो कुडकुडत होता.
सखाहरी मेस्त्री. छातीवर कंपनीचा शिक्का,
पायांत दोन वेगळ्या जोड्यांतल्या चपला.
मला म्हणाला, "आमच्याच दिसतास."
दापोलीची, म्हटलं, आणि गप्प बसले.
दुभाषणीनं कुणाची असू नये.

टेबलामागच्या तरुणानं ओळख सांगितली:
वकील-अन्-नियाबा.
मी अजून तोंड उघडलं नव्हतं
आणि सखाहरीचे खांदे खाली आले.
तेवढा एक शब्द त्याला माझ्यावाचून कळला होता.
वकील.
गावाकडे वकील म्हणजे काळ्या कोटातला,
पैसे खाणारा, तारखा पाडणारा,
पण आपल्या बाजूचा.
तो भडाभडा बोलू लागला:
गोदाम, तांब्याची तार, चार वेटोळी, मागे लावलेला पिकअप.
"होय तर. मियाच उचललंय."

माझ्या जिभेवर अरबीतलं 'चोरली' आधीच येऊन बसलं होतं.
कारकुनानं ते टिपलंही.
मग हा कमरेला हात लावून म्हणतो,
"मुकादमान सांगल्यान, उचल. तेवाच गेली ही कंबर."

आपल्या भाषेत उचलणं आणि उचलणं
यांच्यात फरक असतो तो फक्त तोंडाच्या कोपऱ्यात,
आणि मी त्याच्याकडे नाही,
कारकुनाच्या पेनाकडे बघत होते.

शपथ सांगते: ऐकलंस ते दे. वाढवू नकोस, गाळू नकोस.
माणूस चुकीच्या खुर्चीला आपलं समजून बसला
तर काय करायचं, ते शपथेत नाही.
मी म्हटलं, साहेब, दोन गोष्टी.
एक शब्द मी चुकीचा दिला.
आणि हा तुम्हाला स्वतःचा वकील समजतोय.

"बाई, तुम्ही भाषांतर करा,"
हे मी दुसऱ्या खोल्यांत ऐकलेलं आहे.
इथं पेन खाली ठेवलं गेलं.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे,
आणि परीक्षेसाठी कधीतरी पाठ केलेलं
राज्यघटनेतलं वाक्य पुटपुटला, स्वतःशीच:
आरोपी बरी असतो, सिद्ध होईपर्यंत...

"बरी?" सखाहरी पुढे झुकला.
"आवशीचा इचारतत? बरी आसा. गुडघे तेवढे धरतत."

हसले नाही. हसू आलं होतं.
सांगितलं, बरी म्हणजे इथं निर्दोष.
आईचं नाही, तुझं चाललंय.
त्या वाक्यात 'नागरिक' नाही, हे मला त्या रात्री दिसलं.
'आरोपी' एवढंच आहे.
ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या ध्यानीमनीही नसेल
हा समुद्रापलीकडचा सुतार,
पण शब्द सैल शिवलेला होता, तो मावला.

मग साहेब सावकाश बोलला, मी सावकाश दिलं:
मी तुझा वकील नाही, सरकारचा आहे.
तुला तुझा बोलावता येईल.
तोवर गप्प राहिलास तरी चालेल.
सखाहरीचे खांदे पुन्हा वर चढले, कानांपर्यंत.
इतका वेळ त्याला कुणीतरी होतं,
ते मी काढून घेतलं. घटनेच्या आधारानं.

माझ्याकडे वळून म्हणाला, "मगे तुमी कोणाचे?"

गाळायचं नाही, म्हणून हेही अरबीत केलं.
उत्तर कुणी दिलं नाही.

पहाटे कागद सरकवला गेला.
'चोरली'वर एकच आडवी रेघ,
खालचं अक्षर वाचता येईल अशी;
खरवडायचं नसतं, नियम आहे.
शेजारी 'उचलली', समासात माझी सही,
आणि तिच्या खाली त्याचा निळा अंगठा,
थोडा फरफटलेला.

पुढे काय झालं, मला कुणी कळवत नाही.