आतली बाजू

होलिओकची कागदाची गिरणी बंद पडली
त्या फेब्रुवारीत पपांनी
स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवली.
बाहेर गुडघाभर बर्फ, कालवा गोठलेला,
आत पातेल्यात बुडबुडे.

सव्वीस वर्षं त्यांनी कागद कापला,
दुसऱ्यांनी लिहावं म्हणून
कोराच्या कोरा गठ्ठ्यात बांधला.
आता म्हणाले, "नेरेइदा,
घरात असेल नसेल तो लिहिलेला कागद आण."

मी आणलं विजेचं बिल,
चर्चचं पत्रक, किराण्याच्या पावत्या,
माझं गणिताचं प्रगतिपुस्तक (आनंदाने).
पहिली पट्टी मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून काढली.
गिरणीचं पत्र.
आमच्याच यंत्रावरचा कागद, जाड, सुती,
भिजायला वेळ लागला त्याला.
तेल लावलेल्या मातीच्या साच्यावर
अक्षरं खाली करून त्यांनी ती बसवली
आणि अंगठ्याने हवा काढली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
त्या हिवाळ्यात आम्ही बाकीची आणली.

बोटं ओली झाली की पपांना बोलायला यायचं.
"माझे आजोबा, तोरिबिओ. पोन्से गाव, उसाचा मळा.
शनिवारी अडकलेली मजुरी मागितली, तर मुकादम म्हणाला,
फार शिंगं फुटलीत का तुला?
अकरा दिवसांचे पैसे होते.
म्हणून मोजून अकरा शिंगं लावली
मुखवट्याला."

"तीन," मिग्दालिया आत्या कॉफी गाळता गाळता म्हणाली.
"तीनच दिवसांचे पैसे होते."
"तू होतीस तिथे?"
"तू तरी कुठे होतास?"

"अकरा," पपा म्हणाले
आणि चौथं शिंग वळायला घेतलं.

"कार्निव्हलची रात्र. पिवळा झगा,
हातात गाईचं फुगवलेलं मूत्राशय.
मुकादमाच्या पाठीत असा आवाज काढला
की देवळावरचे पारवे उठले!
सगळा चौक हसला. तोही हसला,
सोंगावर रागावता येत नाही ना त्या रात्री.
पण त्याने जोडे बघून ठेवले होते,
डाव्याला तारेचा टाका.
सकाळी मळ्यात आला तो मान खाली घालूनच.
ओळीने पाय बघत गेला."

इथे पपा थांबायचे, खळ ढवळायचे.

"एकाच्याही पायात जोडा नव्हता.
चाळीस माणसं, अनवाणी,
उसाच्या बुडख्यांवर."

या ठिकाणी आत्या कधीच काही बोलत नाही.

मग लाल रंग, त्यावर पिवळे ठिपके,
ठिपक्यांत काळे ठिपके.
खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं,
"हा सैतान का?"
"नाही," पपा म्हणाले, "गिरणीतला आहे."

पपांना जाऊन आता सहा वर्षं झाली.
घर बदलताना दोन शिंगं मोडली.
साच्याला तडा गेलाय, तो मी फेकत नाही,
वापरतही नाही.

परवा मिरवणुकीआधी यादिएलने मुखवटा चढवला,
लगेच काढला,
फोनचा दिवा आत धरून उभा राहिला.
"आई, इथे छापलंय काहीतरी.
'कळवण्यास खेद' ... पुढे शिंग सुरू होतं."

बरोबर गालापाशी येतं ते.
घाम आला की चिकटतं.
बाहेरून कुणाला दिसत नाही,
घालणाऱ्यालाही नाही खरं तर,
त्याला फक्त मैद्याचा वास येतो.

मी त्याला बसवलं. खळ नव्हती,
हातात नुसतीच कपड्यांची घडी.
"तुझ्या आजोबांचे आजोबा," मी सुरू केलं.
"शिंगं किती?" त्याने मध्येच विचारलं.
"आता नऊ आहेत."
"मी पंधरा सांगणार."

कोपऱ्यातल्या खुर्चीत
आत्याने डोळे न उघडता
तीन बोटं वर केली.