डिकीतला रविवार

टेगवेनने बूट नुसते हातात घेतले,
तोवर पिपिन दाराशी, स्वतःभोवती गरागरा,
शेपटीच्या एका फटक्यात छत्र्या आडव्या;
आणि चौदा वर्षांचा मॉस्टिन
सांधेदुखी विसरून उभा.
माझ्या भावाच्या घरात ‘फिरायला’ हा शब्द बंद आहे.
मधे गेथिन त्याची अक्षरं सुटी सुटी म्हणून बघायचा;
महिन्याभरात पिपिन स्पेलिंग शिकली.

मी कार्डिफहून दोन दिवसांसाठी आलेली,
फिक्या बदामी रंगाचा कोट घालून.
कुणी काही बोललं नाही.
नॉन फक्त हसली. नऊ वर्षांची आहे, तिला सगळं ठाऊक.

तळ्याचा रस्ता चाळीस मिनिटांचा, नुसती वळणं.
तिसऱ्या वळणावर पिपिन ओकते.
नेहमी तिसऱ्याच. तिथे एक लाल टपालपेटी आहे,
नॉनच्या मते दोष तिचा.
म्हणून एक जुना टॉवेल, म्हणून दुसरा जुना टॉवेल,
म्हणून बाबा पुढच्या सीटवर, ऐन जानेवारीत
काच खाली, नाक बाहेर, डोळे मिटलेले,
मागून पाहिलं तर तेही त्यांच्यातलेच.

माळावर मेंढ्या, म्हणून पिपिनला साखळी.
तिने जीव तोडून भुंकून घेतलं.
एक मेंढी रवंथ करत तिच्याकडे बघत राहिली,
जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाकडे
कचेरीतली बाई बघते तशी.

मग कुंपणावरची लाकडी शिडी.
पिपिन खालून घुसली, अर्ध्यात अडकली, ढकलावी लागली.
मॉस्टिन पहिल्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवून
थांबला. लांब कुठेतरी बघत,
जणू देखावा बघायलाच थांबलाय.
गेथिनने त्याला उचललं
आणि उचलल्यावर क्षणभर तसाच उभा राहिला,
जड समजून घेतलेली पिशवी
हलकी निघाल्यावर माणूस राहतो तसा.
टेगवेनने विचारलं नाही.
पलीकडून हात पुढे केले.

तळ्याकाठी पिपिनला काहीतरी सापडलं.
मासा असावा. निदान पूर्वी असावा.
आधी एक खांदा, मग मान, मग चारी पाय आभाळात,
लग्नाला निघाल्यासारखं कानामागेही थोडं.
आम्ही सगळे तिच्यामागे ओरडत धावलो,
तेवढ्यात ऐकू न येणाऱ्या, अर्धवट दिसणाऱ्या मॉस्टिनने
चीजची चार सँडविचं कागदासकट संपवली,
आणि बाबांचा एक हातमोजा.
चेहरा असा, की मी नाही त्यातला.
(हातमोजा मंगळवारी परत मिळाला.
कसा, ते नॉनने शाळेत सविस्तर सांगितलं.)

पिपिनला धुवायचं म्हणून गेथिनने काठी पाण्यात फेकली.
तिने काठी सोडून एक आख्खी फांदी आणली,
वाटेत दोघांच्या पोटऱ्या झोडपत.
आजूबाजूला मैलभर मोकळा काठ;
पण अंग झाडायला तिला
बरोबर आमच्या मधलीच जागा हवी.
बाबांचा चष्मा, थर्मासातला चहा, माझा कोट.
त्यानंतर मी खाली चिखलातच बसले.
आता वाचवण्यासारखं काय उरलं होतं?

परतीच्या वाटेवर डिकीत जागा नव्हती,
फांदी घरी न्यायची असा पिपिनचा हट्ट.
मॉस्टिन माझ्या मांडीवर.
काचांवर वाफ, गाडीत मेलेल्या माशाचा वास,
आणि तो झोपेत धावत होता:
पंजे थरथरत, बारीक भुंकत,
एकही फळी मधे न येता.
टपालपेटीचं वळण गेलं.
पिपिन ओकली नाही. आश्चर्याने कुणी बोललं नाही.
मग पुढच्या वळणावर ओकली.

सोमवारी ऑफिसात, बंद खोलीतल्या बैठकीत,
साहेबांनी दोनदा हवा हुंगली:
हा वास कसला येतोय?
मी सगळ्यांबरोबर इकडेतिकडे बघितलं,
मॉस्टिनचा चेहरा करून.