सात

तुर्भ्याच्या दगडखाणीमागं, समाजमंदिरात
शिबिराचा दुसरा दिवस. पंखा बंद.
डॉक्टर मोयका विचारते, मी मराठीत आणते:
एक ते दहा, किती दुखतं?

यल्लूबाई म्हणते, दुखत न्हाई गं,
सकाळचं ठणकतं. घण उचलला की चमक निघती.
रातच्याला नुसती रग.
आन् पावलात मुंग्या, त्या येगळ्या.

मी म्हणते, सात.

मोयका लिहीत नाही.
म्हणते, ती तर केवढं बोलली.

मग टेबलावर बोटं आपटून मी ठणका दाखवते,
चमक चुटकीनं.
रग कशी दाखवायची?
यल्लूबाईच डॉक्टरचा दंड धरते,
ओल्या लुगड्यासारखा पिळते
आणि सोडत नाही.
"हं," मोयका म्हणते.
हे कुठल्या भाषेतलं, कोण जाणे.

गोळ्यांचं खोकं उचलायला मोयका वाकते
ती तशीच राहते, खुर्ची धरून.
मी इंग्रजीत काहीतरी जुळवतेय तोवर
यल्लूबाई चप्पल काढते.
"उसण भरलीया तिला. सरक.
म्या पायाळू हाय."

पायाळू.
मी तोंड उघडते, मिटते.

मोयका माझ्याकडं बघतसुद्धा नाही.
पाठ पुढं करते.