इजा तेवढीच

सोलापुरात, दत्तनगरच्या मागच्या गल्लीत,
जिथे यंत्रमागांची खटखट थांबली
की लोक दचकून जागे होतात,
तिथे बसून मी तलवारी बनवते.

म्हणजे तलवारींची कातडी.
स्किन म्हणतात तिला.
तलवार कंपनीची. तिचं वजन, वेग, एका वाराला किती इजा,
सगळं पुण्यात कुणीतरी ठरवून ठेवलेलं.
माझा फक्त वरचा साज,
दोनशे एकोणपन्नास रुपये, पैसे परत मिळणार नाहीत.

आजवर एक कणसाची गदा केली,
हाणली की दाणे उडतात आणि कुठूनशा कोंबड्या धावत येतात.
कडक भाकरीची ढाल केली,
ड्रॅगनने आग ओकली की ती अजून खरपूस होते.
शेंगाचटणीची तोफ मिथिलेशने परत पाठवली.
"तिखट वाटत नाही बघून," म्हणाला.
म्हटलं, बघून वाटतच नसतं ते.

या महिन्यात टॉवेल.
साधा टर्किश, एमआयडीसीतला, निर्यातीतून बाद,
काठाचा एक धागा निसटलेला.
ओला करायचा, पिळायचा, पीळ देऊन धरायचा,
आणि पुढच्याच्या पोटरीवर.
आमच्या गल्लीतली सगळी पोरं असलेच वळ घेऊन मोठी झाली.
त्याचा चाबूक.

आवाज खरा हवा होता.
मे महिना, गच्चीवर पाय ठेववेना.
माझे सात फटके फुसके गेले.
नायना म्हणाले, दे इकडे.
चौसष्ट वर्षांचा माणूस, लुंगी वर खोचून,
बादलीतून टॉवेल काढतो, दोन पीळ देतो,
मनगट एवढंसं हलवतो
सटाक्.
गाजुलांची सगळी कबुतरं एकदम उठली.
मोबाइलमध्ये तेही आलं, फटक्यामागून फडफड.
मी ती कापली नाही.

खाली येऊन त्यांनी स्क्रीनवर बघितलं.
"याने जास्त लागतं का त्या राक्षसाला?"
नाही नायना. इजा तेवढीच.
"मग लोक पैसे कशाचे देतात?"
मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षं आलेखाच्या कागदावर
चौकट चौकट भरत यांनी चादरीचे मोर काढले,
पुठ्ठ्यांना भोकं पाडली, पुठ्ठे जकार्डवर चढवले.
मोरामुळे कुणाला जास्त ऊब लागली
असं ऐकिवात नाही.
हे मी म्हणणार होते. पण त्यांनी आधीच दुसरं विचारलं.
"रंग किती देतात तुला?"
हवे तेवढे.
"हवे तेवढे,"
दुसऱ्याचा पगार ऐकावा तसे ते म्हणाले.
"आम्हाला दोन. उलटीकडून तेच दोन, अदलाबदल."
मग चष्मा पुसला.
"उलटं कर बघू."

मी टॉवेल फिरवला, कॅमेरा आत नेला.
आत टॉवेल नव्हता.
आरपार आकाश, आणि लांब एक किल्ला.
"उलट बाजू?"
नसते नायना. जे कुणाला दिसणार नाही
ते मशीन रंगवत नाही, वेळ वाचतो.
ते बराच वेळ त्या किल्ल्याकडे बघत राहिले.
"मग हे कापड नाही,"
म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

टॉवेल चालला. पहिल्या आठवड्यात चार हजारांवर.
खालच्या मजल्यावरचा कार्तिक चिप्पा
रात्री साडेअकराला ओरडतो, सटाक्, सटाक्,
आणि त्याची आई त्याला तेलुगूत जे म्हणते
ते इथे लिहिता येणार नाही.
कबुतरांचं कुणी काही विचारलं नाही.

त्याच रात्री मी फाइल परत उघडली.
आतल्या बाजूला, जिथे कॅमेरा जातच नाही,
नायनांच्या जुन्या कागदावरून मोजून
एक मोर भरला, चौकट चौकट,
दोन रंगांत, तोंड उलटीकडे.
पायाशी एक चौकट कमी पडत होती.
कागदातच कमी होती. तशीच ठेवली.

सकाळी मिथिलेशचा फोन,
फाइल अकरा केबीने वाढलीय, आत काय घातलंस?
अस्तर, म्हटलं.