पाच मीटर

बरका गावाबाहेर, समुद्राकडे पाठ करून उभी
ही बिनखिडक्यांची इमारत.
रात्रीचे अडीच. आत थंडीनं बोटं वळत नाहीत,
बाहेर जुलैचा दमटपणा भिंतीला टेकून बसलेला.

सत्तेचाळीस नंबरचं पोर्ट. दिवा विझलेला.
मोडलं काही नाही. दिवा लागायला
दोन्हीकडून हो यावं लागतं, इतकंच.

पलीकडचं टोक याकूबचं. दुसरी कंपनी, दुसरा पिंजरा,
मध्ये कुलूप घातलेली जाळी
आणि जाळीतून गेलेली एक काळी केबल.
दहा पावलांवर उभे आम्ही, बोलतो फोनवर;
पंख्यांच्या घरघरीत हाक पोचत नाही.
याकूब बलुची, जन्म सोहारचा,
हिंदी शिकला बापाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून.
माझी हिंदी इचलकरंजीची. भागतं.

"तुमचं ऑटोवर आहे ना?"
"नाही मॅडम, मी पंचवीसवर बांधून टाकलंय."

इथंच घोडं पेंड खात होतं.
माझा स्विच विचारतोय, किती वेगानं बोलू, काय झेपेल तुला,
त्याचा बोलत सुटलाय, विचारणं त्याच्या गावीच नाही.
माझा थांबतो, परत पहिल्यापासून विचारतो.
एका घरानं याद्या करायला बसावं
आणि दुसऱ्यानं थेट अक्षता टाकाव्यात, तसं.

मग मीही बांधलं. पंचवीस.
दिवा हिरवा. याकूब हमदुलिल्ला म्हणाला.
मी मोजणी उघडली.

चुकलेल्या चौकटी. नऊशे. एक हजार चारशे.
हिरव्या दिव्याखाली फाटक्या पिशवीतून गहू सांडावा तशा.

"केबल बदलली का हो?"
तिकडे जरा वेळ नुसते पंखे.
"कपाट सरकवलं गेल्या आठवड्यात. आधी दीड मीटर होती.
आता पाच."

अंतर वाढलं होतं. सेटिंग जवळचीच होती:
दुरुस्ती, नको.

मी माझ्याकडे दुरुस्ती चढवली, दिवा गेला.
त्यानं चढवली तोवर मी घाबरून उतरवली होती, दिवा गेलेलाच.
शेवटी फोनवर दोघांनी मिळून मोजलं, वाहिद, इथ्नैन, तीन,
आणि एंटर.

आता पाचशे चौदा चिन्हांमागे चौदा जादा जातात.
निरोपात त्यांची भर काही नाही,
पण वाटेत सातपर्यंत चिन्हं बिघडली
तर पलीकडचा आपलं आपण जुळवून घेतो,
पुन्हा सांग म्हणत नाही.
किंमत? थोडा उशीर. सेकंदाच्या अब्जाव्या भागांत
मोजला तर अडीचशेच्या आसपास.
पडद्यावर: दुरुस्त झालेल्या, दोन लाख अकरा हजार आणि वाढत्या.
दुरुस्त न झालेल्या, शून्य.
याकूब घाबरला, "एवढ्या चुका?"
म्हटलं, चुका आधीही होत्या.

पाचला बाहेर आले, चष्मा क्षणात धुकट.
तसाच डोक्यावर सरकवून नंबर लावला.
तिकडे साडेसहा, निनादची बस सहा चाळीसला.

"उठलास? दूध घेतलंस? मावशीनं दिलं ना दूध?
प्रयोगवही भरलीस? निळी, निळ्या कव्हरची?
शुक्रवारी फोन करते. शुक्रवारी, म्हणजे परवा."

"हं," तो म्हणाला. मग, "आई, तू सगळं
दोन-दोनदा का सांगतेस?"

मागे बसचा हॉर्न वाजला. काय बोलला पुढे ते तुटलं,
"...वही..." एवढंच आलं, आणि "...वार".
बाकीचं मी जुळवलं.

चहाच्या टपरीवर याकूब दोन करक घेऊन उभा,
एक माझ्याकडे सरकवत म्हणाला, नोंद करायची राहिली.
कप बोनेटवर ठेवून लिहिलं:
पोर्ट सत्तेचाळीस. केबल पाच मीटर.
दुरुस्ती सुरू. दोन्ही बाजूंनी.
दोन्ही बाजूंनीच्या खाली त्यानं रेघ मारली,
पेन नीट उठेना म्हणून परत एकदा.