आतली बाजू

बाबांनी जन्मभर नंदीच कोरले.
तान्ह्या पोळ्याआधी महिनाभर अंगणात
शिवणीचे ढलपे पडायचे,
आई त्यांच्यावर आंघोळीचं पाणी तापवायची.

होळी झाल्यावर ढेकलू पाळणेवाला आला,
सायकलला बांधलेला घोड्याचा एक मोडका पाय घेऊन.
"असे आठ पायजे, उरकुडा मिस्तरी. दिवाळीनंतरच्या मंडईले.
पैसे एकाच बाजूचे देईन.
आतली बाजू कोण पायते?"

गावात घोडा नव्हता.
बाबा नागभीडला गेले,
टांग्याच्या घोड्याजवळ दुपारभर उभे राहिले,
टांगेवाल्याला चहा पाजला,
आणि सुतळीवर गाठी मारून घोडा घरी आणला:
कानापासून नाकापर्यंत एवढा,
गुडघ्यापासून खुरापर्यंत एवढा.

धड एका ओंडक्याचं. मान वेगळी, पाय वेगळे,
कुसात ठोकून बसवलेले.
पाठीतून पोटात गिरमिटाचं आरपार भोक, दांड्यासाठी.
शेपूट अंबाडीचं.

पहिल्या घोड्याला वशिंड आलं.
आई हसली. बाबांनी मानेवरून हात फिरवला,
म्हणाले, "हाताले सवय हाये."
तासलं, तरी थोडं राहिलंच.
मग त्याच्यावर खोगीर चढवलं.

बाहेरच्या बाजूला झेंडूची माळ, लगाम,
आरशाचे तुकडे, नाकपुडीत लाल रंग.
डोळे माझ्याकडे होते. मी दहा वर्षांची.
आठ घोडे, आठ डोळे.
आत वाकसाचे घाव तसेच,
लाकडाची गाठ तशीच,
पेन्सिलीनं केलेला हिशेब तसाच.

आठव्या घोड्याच्या वेळी रात्री जाग आली
तर कंदिलाशी बाबा,
पटाशी आतल्या बाजूला लावलेली.
डोळा कोरत होते.
"याचे पैसे?"
"ढकलणारं पोट्टं असते ना तिकडं."
एवढंच. मग फुंकर मारून भुसा उडवला.

ते पोट्टं म्हणजे फागो.
नऊ मंडया, नंतर अकरा, नंतर मी मोजल्या नाहीत.
दंडार सुरू व्हायची, जिलबीची कढई तापायची,
पोरं वर बसून ओरडायची,
आणि फागो आतून गोल गोल,
खाली मान, आठव्या घोड्याला हात लावून.

आता मंडईत डिझेलवर फिरतात
प्लास्टिकचे, दोन्हीकडून सारखे.
मला त्यांचा राग नाही. नात बसते, मी पैसे देते.

आठवा माझ्या शेळ्यांच्या गोठ्यात आहे,
ढेकलूच्या पोरानं दोन पोते धानाला दिला.
एक कान नाही. आरसे गेले.
मी रंगवलेला डोळा पार उडाला,
पांढऱ्यात पांढरा.

आतल्या डोळ्याला रंग कधी लागलाच नव्हता.
त्याच्याखाली एक काळपट, गुळगुळीत पट्टा आहे,
तळहाताएवढा रुंद.
पोटापाशी सुरू होतो,
आणि तिरका वर चढत जातो
खांद्यापर्यंत.

फागो तेवढा वाढला होता.