बूच

सर्वेक्षणाला आलेली मुलगी,
दोन जिने चढून दमलेली,
टॅबवर बोट ठेवून विचारते:
साधन मिळालं का?
मिळालं.
कोणतं?
तीनचाकी.
समाधानी आहात का? पाचपैकी सांगा, काकू.

मी म्हणते, आधी पाणी पी.

तीनचाकी खाली उभी आहे,
येताना पाहिली असशील.
तिच्या सीटवर वाघचौऱ्यांच्या कुरडया वाळतात,
हँडलला कुणाचीतरी पिशवी.
मी इथे, दुसऱ्या मजल्यावर.
सिडकोच्या या घरांना लिफ्ट नाही
आणि तीनचाकीला पाय नाहीत.

शिबिर गंगापूर रोडला, एका लॉन्सवर.
नुकतंच पाणी मारलेलं, हिरवळ अशी मऊ
की कुबडी चार बोटं आत जायची.
उपटायची, पुन्हा रोवायची,
इगतपुरीकडे बायका भाताची आवणी करतात तशी
मी वाकून वाकून स्टेजपर्यंत गेले.
नंबर एकशे एकोणनव्वद.
फोटोत मी तीनचाकीत बसलेय,
खांद्यावर कुणाचातरी हात,
आणि कुबडी कुणीतरी फोटोच्या बाहेर नेलेली.
नंतर तासभर सापडत नव्हती.
मंडपवाल्याने ती पडद्याला टेकू म्हणून लावली होती.

मला काय हवं होतं ते सांगितलं तर हसशील.
बूच.
कुबडीच्या टोकाचं रबरी बूच,
कुंकवाच्या डबीएवढं.
ते झिजलं की लाकूड फरशीशी बोलायला लागतं,
बँकेत सगळी रांग वळून बघते.
ओल्या दगडावर तर ते बोलतही नाही,
मला तिथेच सोडून निघून जातं.
रामकुंडावर गेलं तसंच, आत्याच्या दहाव्याला.
भटजी थांबले, कावळा उडाला,
माझं मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये
आणि फॉल-पिकोला आलेल्या चौतीस साड्या
गिऱ्हाईक परत घेऊन गेलं.

मेन रोडला विचारलं, शालिमारला विचारलं,
सिव्हिलसमोरचा मेडिकलवाला म्हणाला,
नुसतं बूच येत नाही, ताई, कुबड्यांचा जोड घ्या.
जोड!
चाळीस वर्षं एकीवर काढली मी.

शेवटी द्वारकेला, उड्डाणपुलाखाली,
इस्माईलभाई पंक्चरवाले.
त्यांनी कुबडी हातात घेतली,
बाटलीतला द्राव हुंगावा तसं टोक नाकाशी नेलं,
मग म्हणाले, चलके दिखाओ.

ऐकतेस ना?
त्या लॉन्सवर दोनशे माणसं होती, डॉक्टर होते,
फीत होती, हार होते.
मला चालून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी चालले, हवेच्या पंपापासून चहाच्या गाड्यापर्यंत.
ते उकिडवे बसून माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते,
टोक कुठे घासतं, भार कुठे पडतो.
आप बाहेर को झुकती हो, म्हणाले,
आणि बाहेरची कड जाड ठेवली.
ट्रकचा टायर, आग्र्यापर्यंत कितीदा जाऊन आलेला,
त्याचा तुकडा कापला, तापवला, ठोकला.
वीस रुपये. मी पन्नास दिले, तीस परत केले.
आता तो टायर माझ्याबरोबर
पवननगरच्या भाजीबाजारापर्यंत जातो
आणि कंटाळत नाही.

मुलगी टॅब खालीवर करते.
काकू, यात बूच नाहीये.
इतर?
इतर पण नाहीये.

मग तीनचाकीला तुला वाटेल तो आकडा टाक.
मला तिच्याबद्दल राग नाही,
तळमजल्यावरच्या एखादीला ती पंख झाली असती.
बुचाचं विचारायचं तर
दिवाळीपर्यंत ते झिजेल, तेव्हा ये.
इस्माईलभाईंकडे जाऊ दोघी,
तूही बघ ते कसे बघतात.

आणि हो, खाली उतरशील तेव्हा
सीटवरच्या कुरडया उलटून जा.
ऊन सरकलं असेल,
मला रोज आठवतं, रोज जमत नाही.